शेवटच्या फेरीआधी: जळगावहून कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेताना

आपल्याकडे रेसची गाडी म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचीच हॅचबॅक. आतल्या सीटा काढलेल्या, रोलकेज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा) बसवलेली, इंजिन जवळपास होतं तसंच. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या गाडीत आता ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीतून आली तशी, हे फक्त नावापुरतं उरलंय. आपली गाडी मात्र खरंच स्टॉक असते आणि हंगाम संपत येतो तसे तिचे भाग दमतात. शेवटच्या फेरीत, म्हणजे हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत, गाडी बाहेर पडते ती बहुधा एखाद्या घासलेल्या बेअरिंगपायी. तेव्हा नव्या एक्झॉस्टवर पैसे घालण्याआधी चाकं उचला.

जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरा आणि हलवा. ढिलाई जाणवली, तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गायब झाली तर बेअरिंग; तशीच राहिली तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलत असेल तर टाय रॉडचं (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) टोक बघा. सीव्ही जॉइंटच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्यावरच्या सांध्याच्या) बूटला, म्हणजे रबरी टोपणाला, बारीक चीर असली तरी बूट बदला, कारण ग्रीस उडून गेल्यावर जॉइंट फार टिकत नाही. व्हील स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट) वर्षभर कसून-सैल करून थकलेले असतात, शेवटच्या फेरीआधी नवे घाला. नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरानं कसणाऱ्या पान्यानंच) कसा. लहान हॅचबॅकला साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. पहिल्या सेशननंतर चाक थंड झालं की पुन्हा तपासा.

ब्रेकवर जास्त वेळ द्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि मधे सगळा पावसाळा गेलेला असतो. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओलावा प्यायलेल्याचा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. नुसतं ‘डॉट 5’ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. सीलबंद एक लिटर आणा आणि चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत ब्लीड करा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढा. मॅन्युअल वेगळं सांगत नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी.

ट्रॅकवर पॅडल लिबलिबीत होऊन खोल गेलं तर ऑइल उकळलंय. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून गेलेत. उपाय वेगळे आहेत, नीट ओळखा. नवे पॅड डिस्कवर घासून बसवायला हायवेवर जाऊ नका. सरावाच्या सेशनमध्ये ताशी 100 किलोमीटरवरून 30 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबानं ब्रेक मारा, मग एक लॅप (ट्रॅकची एक चक्कर) ब्रेक कमी वापरून थंड करा. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) ब्रेक दाबून उभं राहू नका, हँडब्रेकही ओढू नका. तापलेला पॅड डिस्कवर छाप सोडतो आणि स्टिअरिंग थरथरतं.

रेडिएटर हा आपल्या भागाचा खास विषय. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाचे तंतू जाळीत अडकतात. इंजिनच्या बाजूनं पुढे, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं फिन वाकतात. उन्हाळ्याच्या सवयीनं थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारी झडप) काढून टाकणारे मिस्त्री आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा मिळते. खुणेच्या वर मात्र नको, फेस होतो.

कोइमतूरचा ट्रॅक, करी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटरचा. लॅप लहान, ब्रेकला थंड व्हायला सरळ रस्ता कमी. आणि नोव्हेंबरात आपल्याकडे कोरडी थंडी असली, तरी कोइमतूरला ईशान्य मोसमी पाऊस असतो. वायपरची पाती नवी घाला, काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर चालतो का बघा. कोरड्यात रोड टायरला थंड असताना 26-28 पीएसआयपासून सुरुवात करा. पिटमध्ये येताक्षणी मोजल्यावर 32-34 भरले पाहिजेत. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. ती बाजूच्या त्रिकोणी खुणेच्याही खाली पुसली गेली, तर हवा कमी आहे. पावसात टायर तापत नाही, म्हणून सुरुवातच 2-3 पीएसआय जास्तीनं.

गाडी लादून नेताना टाकी पाव भरलेली, बॅटरीची तार काढलेली. पट्टे चाकांवरून बांधा, सस्पेन्शनच्या आर्मला नाही. फर्दापूरला, अजिंठ्याचा घाट चढण्याआधी, थांबून पट्टे पुन्हा ताणा.

शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी अडते ती क्षुल्लक गोष्टींवर: मुदत संपलेला सीटबेल्ट, ठळक रंग नसलेला टो हुक, सैल बॅटरी क्लॅम्प, किल स्विचजवळ (सगळी वीज तोडणाऱ्या बटणाजवळ) निळ्या त्रिकोणातल्या लाल ठिणगीचं चिन्ह नसणं. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाचं) लायसन्स मूळ प्रतीत सोबत ठेवा.

गुणांत पुढे असाल तर कर्ब (वळणाच्या कडेची उंच पट्टी) सोडून द्या, पहिल्या लॅपला थंड टायरवर आत घुसू नका. शर्यत संपल्यावर गाडी पार्क फर्मेमध्ये (तपासणीसाठी गाड्या बंदिस्त ठेवतात त्या जागेत) गेली की बॉनेट उघडायचं नाही, हवा भरायची नाही, काहीही जोडायचं-काढायचं नाही. अधिकाऱ्यांनी गाडी सोडेपर्यंत मिस्त्रीला दोरीच्या बाहेरच उभं करा.