मोठ्या कॅलिबरच्या रायफलचा तांत्रिक तक्ता कसा वाचावा

अँटी-मटेरियल रायफल म्हणजे माणसापेक्षा वस्तूवर मारा करण्यासाठी बनवलेली रायफल. रडारची थाळी, उभं विमान, ट्रकचं इंजिन, इंधनाची टाकी, न फुटलेला बॉम्ब ही तिची लक्ष्यं. अशा रायफलींच्या बातम्यांत आणि माहितीपत्रकांत कॅलिबर, पल्ला आणि भेदनशक्ती हे तीन आकडे ठळक असतात. हे तीनच आकडे सगळ्यात जास्त फसवतात. तक्ता पुढ्यात आला की कुठून सुरुवात करायची, कोणता आकडा कशाशी ताडून बघायचा आणि चूक कुठे होते, ते इथे दिलं आहे.

आधी काडतूस, मग रायफल

रायफलचं नाव बाजूला ठेवा आणि काडतुसाचे दोन आकडे शोधा. १२.७×९९ मध्ये पहिला आकडा कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास आहे (गोळी त्याहून किंचित जाड असते) आणि दुसरा पितळी कोशाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसतं ‘१२.७ मिमी’ लिहिलं असेल तर माहिती अर्धीच आहे. अमेरिकी व नाटो देशांचं १२.७×९९ आणि रशियन १२.७×१०८ ही वेगळी काडतुसं आहेत. एकाच्या रायफलीत दुसरं चालत नाही.

पुढची पायरी ऊर्जेची. गोळीचं वजन किलोमध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा. उत्तर ज्यूलमध्ये येतं. १२.७×९९ ची साधी सैनिकी गोळी सुमारे ४२.९ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८८७ मीटरने निघते. म्हणजे जवळपास १६,९०० ज्यूल. नेहमीच्या ७.६२×५१ काडतुसाची साडेनऊ ग्रॅमची गोळी ८३८ मीटरने निघते, तिची ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या आसपास. फरक पाचपट.

आता दोन मोठी काडतुसं घ्या. रशियन १४.५×११४ ची गोळी ६४ ग्रॅमची, वेग हजार मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे ३२,००० ज्यूल. दक्षिण आफ्रिकेच्या एनटीडब्ल्यू-२० रायफलीत वापरलं जाणारं २०×८२ काडतूस ११० ग्रॅमची गोळी ७२० मीटरने फेकतं, ऊर्जा साधारण २८,५०० ज्यूल. व्यास साडेपाच मिलिमीटरने वाढला आणि ऊर्जा कमी झाली, कारण कोश आखूड आहे. त्यामुळेच याच रायफलीचा प्रभावी पल्ला २० मिमीच्या नळीने सुमारे १,५०० मीटर सांगतात आणि १४.५ च्या नळीने २,३००. मग २० मिमी घ्यायचं कशासाठी? गोळीच्या पोटात स्फोटक भरायला जागा मिळते म्हणून. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात तयार झालेली ‘विध्वंसक’ याच विचारावर उभी आहे. नळी आणि काही भाग बदलून ती १२.७×१०८, १४.५×११४ आणि २०×८२ या तिन्ही काडतुसांसाठी वापरता येते. कॅलिबर मोठं म्हणजे रायफल जास्त ताकदीची, हा निष्कर्ष कधीही घाईने काढू नका.

वजनाचा आकडा आणि त्यामागचा इतिहास

तक्त्यात वजन १३ ते १८ किलोंच्या दरम्यान दिसलं तर नवल नाही. १९१८ मध्ये जर्मनीने ब्रिटिश रणगाड्यांविरुद्ध माउझर टी-गेवेर आणली. १३.२ मिमी कॅलिबर, एका वेळी एक काडतूस, दोनपायी स्टँडसह वजन सुमारे साडेअठरा किलो. धक्का शोषणारी यंत्रणा तिच्यात नव्हती, सगळा मार खांद्यावर यायचा. १९३७ मध्ये स्वीकारलेली ब्रिटिश बॉइज रायफल १६ किलोंची होती आणि तिची नळी धक्का शोषत मागे सरकायची. १९४१ मध्ये सोव्हिएत संघाने १४.५×११४ साठी दोन रायफली काढल्या. देग्त्यार्योवची पीटीआरडी एकबारी आणि सुमारे १७ किलोंची. सिमोनोवची पीटीआरएस पाच काडतुसांची, अर्ध-स्वयंचलित (दर वेळी चाप ओढावा लागतो, पण पुढचं काडतूस आपोआप भरतं), सुमारे २१ किलोंची. फिनलंडची २० मिमी लाहती एल-३९ तर ५० किलोंच्या घरात गेली. फिनिश सैनिक तिला ‘हत्तीची बंदूक’ म्हणायचे.

या रायफली रणगाड्यांविरुद्ध मागे पडल्या, कारण चिलखत जाड होत गेलं आणि माणसाने उचलायच्या नळीची ऊर्जा त्या गतीने वाढवता येत नव्हती. मग पोकळ स्फोटक भार (स्फोटातून धातूची बारीक धार सोडून चिलखत भेदणारा) वापरणारी अस्त्रं आली. त्यांची भेदनशक्ती वेगावर अवलंबून नसते, त्यामुळे जड नळीची गरज संपली. ब्रिटिशांनी १९४३ पासून बॉइजच्या जागी पियाट हे असंच एक अस्त्र आणलं. सोव्हिएत सैन्याने मात्र रायफली टाकल्या नाहीत. ते रणगाड्याच्या बाजूच्या पातळ चिलखतावर, ट्रकवर आणि मशीनगनच्या मोर्च्यांवर त्या वापरत राहिले. जर्मनांनी १९४३ मध्ये आपल्या रणगाड्यांच्या बाजूंना पोलादी पत्र्यांची झालर लावली, ती मुख्यतः या १४.५ च्या माऱ्यापासून बचावासाठी. रणगाडाविरोधी रायफलचं रूपांतर अँटी-मटेरियल रायफलमध्ये इथेच झालं होतं, नाव पुढे पडलं.

आजच्या १२.७ रायफलींचा उगम मशीनगनमध्ये आहे. १२.७×९९ हे जॉन ब्राउनिंग यांच्या जड मशीनगनचं काडतूस. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी मरीन कार्लोस हॅथकॉक यांनी याच एम२ मशीनगनवर दुर्बीण बसवून एकेक गोळी झाडत २,२८६ मीटरवर लक्ष्य टिपलं. काडतुसात अचूकतेची क्षमता आहे हे त्यातून दिसलं, पण ३८ किलोंची मशीनगन पाठीवर नेणं शक्य नव्हतं. १९८२ मध्ये टेनेसीतल्या रॉनी बॅरेट यांनी याच काडतुसासाठी खांद्यावरून झाडता येणारी अर्ध-स्वयंचलित रायफल बनवली, तीच बॅरेट एम८२. त्यांचा व्यवसाय छायाचित्रणाचा होता. १९८९ मध्ये स्वीडनने १०० रायफली मागवल्या, त्यानंतर अमेरिकी मरीन कोअरने त्या आखाती युद्धासाठी घेतल्या. तिथून हा प्रकार जगभर पसरला.

वजन फार कमी का करता येत नाही, हे गणिताने समजतं. १२.७ च्या गोळीचा संवेग (वजन गुणिले वेग) सुमारे ३८ किलोग्रॅम·मीटर प्रति सेकंद, ७.६२ च्या गोळीचा ८. रायफलींची वजनं अनुक्रमे १४ आणि ५ किलो धरली तर धक्क्याची ऊर्जा साधारण आठपट येते. बारूदाच्या वायूचा संवेग यात अजून धरलेलाच नाही. वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ‘अतिशय हलकी’ अशी जाहिरात दिसली की लगेच पुढचा रकाना बघा: धक्का कशाने शोषला आहे?

धक्का कुठे जातो

उत्तर तीन ठिकाणी सापडतं. नळीच्या टोकाचा मझल ब्रेक वायूला बाजूला आणि मागे वळवतो. सरकती नळी किंवा द्रवीय बफर (धक्का शोषणारा भाग) धक्का जास्त वेळात पसरवतो. आणि दस्त्याची मऊ गादी उरलेला थोडा भाग घेते. बॅरेट एम८२ मध्ये झाडल्यावर नळी आणि बोल्ट (काडतूस नळीत बंद ठेवणारा सरकता भाग) एकत्र थोडे मागे सरकतात, मग बोल्ट सुटून पुढचं काडतूस भरतो. एनटीडब्ल्यू-२० मध्ये द्रव आणि हवेचा बफर आहे.

मझल ब्रेकची किंमतही तक्त्यात शोधा, बहुधा ती लिहिलेली नसते. बाजूला वळलेला वायू धूळ उडवतो आणि मोर्चा उघडा पडतो. मागे वळलेल्या आवाजाने नेमबाजाच्या आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या कानाला इजा होऊ शकते, दुहेरी श्रवणरक्षण लागतं. क्रोएशियाच्या आरटी-२० ने वेगळीच वाट धरली. २०×११० च्या जबरदस्त काडतुसाचा काही वायू वरच्या नळीतून सरळ मागे सोडला. त्यामुळे सुमारे १९ किलोंच्या रायफलीत हे काडतूस बसलं, पण मागे भिंत किंवा माणूस असेल तर ती झाडता येत नाही.

बोल्ट हाताने ओढायचा की अर्ध-स्वयंचलित, हा रकानाही इथेच वाचावा. सरकत्या नळीची रायफल पटकन दुसरी गोळी देते, पण नळी दर वेळी तंतोतंत त्याच जागी परत बसत नाही. फ्रान्सची हेकात दोन किंवा मॅकमिलन टॅक-५० यांची नळी स्थिर असते, बोल्ट हाताने चालतो, म्हणून त्या जास्त अचूक. मोठं लक्ष्य आणि वेग हवा असेल तर पहिली, लहान लक्ष्य आणि लांब अंतर असेल तर दुसरी.

अचूकतेचा आकडा लक्ष्याच्या मापात बदला

अचूकता ‘मिनिट’ या कोनात देतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. अंतराचे शंभर किती ते मोजा आणि गुणा. १,५०० मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण ४४ सेंटिमीटर. तीन मिनिटांची रायफल तिथे १३० सेंटिमीटरच्या वर्तुळात कुठेही गोळी टाकेल. ट्रकच्या बाजूसाठी ते पुरेसं, लहान अँटेनासाठी निरुपयोगी. पुढे विचारा की हा आकडा कोणत्या गोळीने मिळाला. मशीनगनसाठी बनलेल्या साध्या गोळ्यांचं पसरणं बरंच जास्त असतं. कारखान्याने आकडा नेमबाजी स्पर्धेच्या दर्जाच्या गोळ्यांवर काढला असेल आणि सैनिक मशीनगनच्या पेटीतलीच गोळी वापरत असेल, तर तक्ता आणि मैदान यांचा मेळ बसत नाही. ही चूक फार होते.

प्रभावी पल्ल्याच्या आकड्यात लक्ष्य गृहीत धरलेलं असतं. १,८०० मीटर म्हणजे वाहनाएवढ्या लक्ष्यावर. गोळी त्याहून खूप पुढे जाते, पण ती कमाल पल्ल्याची गोष्ट झाली. १,५०० मीटर गाठायला १२.७ च्या साध्या गोळीला सुमारे अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. आडव्या वाऱ्यासाठी सोपा हिशेब आहे. हवेचा विरोध नसता तर ही गोळी १.७ सेकंदांत पोचली असती, म्हणजे उशीर ०.८ सेकंदांचा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर गोळी सुमारे ३ मीटर ढळते. अंतराच्या अंदाजात २० मीटरची चूक झाली तर उंचीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून लेझर अंतरमापक आणि वाऱ्याचं वाचन करणारा जोडीदार नसेल तर उत्तम रायफलही वाया जाते.

विक्रमांकडे पाहताना हेच लक्षात ठेवा. २०१७ मध्ये कॅनडाच्या नेमबाजाने इराकमध्ये ३,५४० मीटरवर लक्ष्य टिपलं, गोळी जवळपास दहा सेकंद हवेत होती. तो आकडा कौशल्याचा आणि परिस्थितीचा आहे, तक्त्यातल्या प्रभावी पल्ल्याशी त्याची तुलना होत नाही.

भेदनशक्ती: तीन प्रश्न

‘इतके मिलिमीटर पोलाद भेदते’ असं वाक्य दिसलं की विचारा: कोणती गोळी, किती अंतरावरून, कोणत्या कोनात. तिन्ही उत्तरं नसतील तर तो आकडा सोडून द्या. साधी गोळी, कठीण पोलादी गाभ्याची चिलखतभेदी गोळी, आग लावणारी चिलखतभेदी गोळी आणि नॉर्वेची राउफॉस एमके २११ एकाच रायफलीतून झाडल्या तरी परिणाम वेगवेगळे. राउफॉसमध्ये टंगस्टन कार्बाइडचा गाभा, आग लावणारा पदार्थ आणि थोडं स्फोटक असं सगळं असतं. प्लॅस्टिकच्या आवरणात बारीक गाभा बसवलेली गोळी वेगाने जास्त भेदते, पण ते आवरण नळीबाहेर पडताना सुटतं आणि मझल ब्रेकच्या पट्ट्यांवर आपटू शकतं. म्हणून अशा गोळ्या प्रत्येक रायफलीला चालत नाहीत.

समोरच्या वाहनाची बाजू नाटोच्या संरक्षण पातळ्यांवरून वाचा. चौथ्या पातळीचं वाहन २०० मीटरवरून आलेली १४.५×११४ ची चिलखतभेदी गोळी थोपवण्यासाठी तपासलेलं असतं. पाचव्या पातळीची कसोटी थेट २५ मिमी तोफेच्या गोळ्याची आहे. चौथ्या पातळीच्या गाडीचं मुख्य चिलखत १२.७ ची रायफल भेदेल अशी अपेक्षा धरू नये. आधुनिक रणगाड्याच्या चिलखतासमोर तर या सगळ्या रायफली निष्प्रभ आहेत. त्यांची जागा न झाकता येणाऱ्या नाजूक उपकरणांवर आहे, आणि लढाईबाहेरही. न फुटलेला दारूगोळा दुरून निकामी करायला बॉम्बनाशक पथकं त्या वापरतात. अमेरिकी तटरक्षक दल १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हेलिकॉप्टरमधून अमली पदार्थांच्या वेगवान बोटींची इंजिनं १२.७ च्या रायफलीने बंद पाडतं.

दोन समज, दोन्ही चुकीचे

‘१२.७ ची गोळी माणसावर झाडणं आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध आहे’ हे वारंवार लिहिलं जातं. कॅलिबरवर असा निर्बंध नाही. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने बंदी घातली ती ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक किंवा ज्वालाग्राही गोळ्यांवर. त्यामुळे वाद साध्या गोळीचा नाही, राउफॉससारख्या गोळीचा आहे, आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने तो उपस्थितही केला होता. दुसरा समज, गोळी शेजारून गेली तरी हवेच्या धक्क्याने माणूस मरतो. तसं होत नाही. गोळीचा आघाततरंग कानाला मोठा वाटतो, पण शरीर फाडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते.

दोन तक्ते शेजारी ठेवून

बॅरेट एम८२ए१: १२.७×९९, सुमारे १४ किलो, अर्ध-स्वयंचलित, दहा काडतुसं, सरकती नळी. एनटीडब्ल्यू-२०: २०×८२, साडेएकतीस किलो, हाताने चालणारा बोल्ट, तीन काडतुसं. नुसतं कॅलिबर बघितलं तर दुसरी वरचढ वाटते. वर सांगितलेल्या क्रमाने वाचलं तर वेगळं चित्र दिसतं. पहिली एक माणूस कसाबसा नेतो, धावपट्टीवर उभ्या विमानांच्या रांगेवर झटपट दहा गोळ्या झाडतो आणि जागा सोडतो. दुसरी दोन भागांत सोडून दोन माणसांनी वाहायची, दर गोळीला बोल्ट ओढायचा, पण तिची प्रत्येक गोळी लक्ष्याच्या आत जाऊन फुटते. चालत दूर जायचं असेल आणि लक्ष्यं अनेक असतील तर बॅरेट. वाहन जवळ असेल, लक्ष्य एकच आणि भक्कम असेल, तर एनटीडब्ल्यू. आणि अंतर १,५०० मीटरच्या पुढे गेलं, तर त्याच एनटीडब्ल्यूला १४.५ ची नळी लावावी लागेल.