खान्देशातून दीव: आधी भरती बघा, मग हॉटेल

खान्देशातल्या माणसाला घाट कळतो, गाडीची वेळ कळते, ऊन तर कळतंच. समुद्राचं वेळापत्रक मात्र सवयीचं नसतं, आणि दीवच्या (गुजरातच्या किनाऱ्यालगतचं केंद्रशासित बेट) सहली बिघडतात त्या त्यामुळेच. म्हणून आधी महिना, मग भरती, मग फेरी (बोट) आणि शेवटी हॉटेल, या क्रमाने ठरवा.

महिन्यांत फेब्रुवारी सगळ्यात चांगला. कापसाची वेचणी उरकलेली असते आणि दीवला पहाटे गारवा, दुपारी सोसवेल इतकं ऊन असतं. घरात दहावी-बारावी असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. दिवाळी ते लाभपंचमी टाळाच: गुजरातभर तेव्हा सुट्टी असते, खोल्यांचे दर कित्येक पट होतात. जळगावच्या ४४ अंशांतून सुटका म्हणून मे महिन्यात जायचा मोह होतो. पारा तिथे कमी असतो खरा, पण दमटपणाने जीव नकोसा होतो आणि समुद्रही खवळू लागतो. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचा विचारच करू नका.

आता भरती. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, मध्ये साधारण सहा-सव्वासहा तास, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी ९ ला पूर्ण भरती असेल तर चार दिवसांनी ती १२:२० च्या आसपास येईल. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमारास फरक कमी असतो. वेळा दीवच्याच बघा, मुंबईच्या तिथे लागू पडत नाहीत. ही वेळ हाती असली की दिवस आपोआप आखला जातो. फुदम गावाजवळच्या गंगेश्वराला पाच शिवलिंगांवर लाटा येतात त्या भरतीलाच. ओहोटीला गेलात तर कोरडे खडक दिसतील. भरतीच्या तासभर आधी पोहोचा आणि शेवाळलेल्या दगडांवर मुलांचा हात सोडू नका.

पोहायला नागवा. किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे, त्यामुळे पाणी बरंच शांत असतं. तरीही विहिरीत किंवा तापीच्या डोहात पोहणाऱ्याने इथे जपून राहावं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, आणि ती ओढ विहिरीत कधी अनुभवलेली नसते. पाणी उतरत असताना कमरेच्या पुढे जाऊ नका. जालंधर आणि चक्रतीर्थ हे किनारे खडकाळ आहेत, तिथे फक्त बसा. ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या आयएनएस खुकरीचं स्मारक चक्रतीर्थजवळ आहे. संध्याकाळी तिथे जरूर थांबा.

जायचं कसं? चारचाकी असेल तर सुरतजवळचं हजिरा ते भावनगरजवळचं घोघा अशी रो-रो फेरी. भावनगरकडे जाताना सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा वाचतो आणि गाडी बोटीतूनच पलीकडे जाते. धुळे-सुरत सुमारे २२० किलोमीटर, जळगावकरांनी त्यात ९० मिळवावेत. कोंडाईबारी घाटात रात्री ट्रकच्या रांगा लागतात, तेव्हा आदल्या दिवशी उजेडात निघून सुरतला मुक्काम करा. मध्यरात्री निघून सकाळची फेरी गाठायचा बेत एका पंक्चरने फसतो. वेळापत्रक आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासा, हवामान बिघडलं की फेरी रद्द होते. बोटीवर गाडी हँडब्रेक लावून सोडायची असते आणि मधल्या वेळात खाली जाता येत नाही. म्हणून औषधं, पाणी, मुलांचे कपडे आणि दशम्या-चटणीचा डबा आधीच वर न्या. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

घोघ्याहून दीव आणखी १९० किलोमीटरच्या आसपास: तळाजा, महुवा, राजुला, उना. नकाशात एक घोळ हमखास होतो. घोघा हे भावनगरजवळचं बंदर, घोघला हे दीवसमोरचं गाव. धुळ्याहून जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून हजार किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ देत असेल तर ६७ लिटर इंधन धरा.

रेल्वेने जायचं तर भुसावळ-सुरत मार्गाने सुरत आणि तिथून वेरावळ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तापी मार्गावरच्या काही गाड्या सुरतेत न जाता उधन्याला थांबतात, म्हणून दोन गाड्यांमध्ये निदान तीन तास ठेवा. वेरावळहून दीव ८५-९० किलोमीटर, आणि सोमनाथ वेरावळला लागूनच आहे. मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. सासणगीरची सफारी जोडायची असेल तर १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं, आणि परवाना आधीच ऑनलाइन काढावा लागतो.

मुक्काम तीन रात्रींचा पुरे. समुद्र हवा असेल तर नागवा किंवा घोघला, किल्ला आणि बाजार हवा असेल तर दीव गाव. किल्ल्यात सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो आणि सावली फारशी नाही. हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात.

दीवमध्ये दारूला परवानगी आहे, गुजरातेत बंदी. हद्दीवर गाड्या तपासल्या जातात. तेव्हा परतताना कुणाच्याही बॅगेत एकसुद्धा बाटली नको, आणि जातानाही नवापूरच्या पुढे नको. गुन्हा दाखल झाला तर गाडी जप्त होऊ शकते.

परतीची फेरी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशीची काढा. ती रद्द झाली तर वटामण, वडोदरा, भरूच असा पूर्ण वळसा घ्यावा लागतो आणि त्यात आख्खा दिवस जातो.