तेल काळं पडलं म्हणून घाबरू नका

नाशिकच्या आडगाव नाक्यावर इंजिन ऑइलचा डबा घेताना आधी मागची बारीक अक्षरं वाचा. बीएस-६ डिझेल ट्रकला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिथे जळल्यावर कमी राख सोडणारं, सीके-४ दर्जाचं तेल हवं, नाहीतर तो चोंदतो. ग्रेड, म्हणजे तेलाचा घट्टपणा, मात्र गाडीच्या पुस्तकातलीच.

सिंथेटिक तेल टाकलं म्हणून बदलीचे किलोमीटर मनाने वाढवू नका. मुंबईहून माल भरून कसारा घाट चढणारी, पिंपळगावच्या मार्केटबाहेर तासभर इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी... मीटर हलत नाही, तेल मात्र खराब होतं.

डिझेल इंजिनात तेल काळं पडणारच. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवा. पातळी चढली आणि डिझेलचा वास आला, तर तेलात डिझेल उतरतंय. दुधाळ दिसलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, शिरलंय. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही.