शिक्षकांची बैठक होते, पण मुलापर्यंत काहीच पोचत नाही? या चुका टाळा

शाळेत चांगले शिक्षक असले म्हणजे शिक्षकांची चांगली टीम आहेच असं होत नाही. एका वर्गाला सहा जण शिकवतात, सहाही जण आपापल्या विषयात पक्के असतात, आणि तरी त्याच वर्गातलं एखादं मूल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडत जातं. मुद्दाम दुर्लक्ष कोणीच केलेलं नसतं. प्रत्येकाला त्या मुलाबद्दल थोडंथोडं माहीत असतं, पण ते एकत्र मांडायला शाळेत ठरलेली वेळ नसते, ठरलेली पद्धतही नसते.

अशा वेळी दोष बहुधा स्वभावांना दिला जातो. 'आमच्याकडे एकी नाही', 'सीनियर लोक ऐकत नाहीत' वगैरे. माझं मत वेगळं आहे. बैठकीत टेबलावर काय ठेवलं जातं आणि बैठकीनंतर कोण काय करणार हे ठरतं की नाही, यावर टीमचं बरंचसं भवितव्य अवलंबून असतं. स्वभाव बदलणं कठीण आहे, या दोन गोष्टी मात्र पुढच्याच बैठकीपासून बदलता येतात.

सगळी बैठक सूचनांतच जाते

परीक्षेचं वेळापत्रक, कार्यक्रमाची तयारी, कुठली माहिती कधीपर्यंत भरून द्यायची, बदली तास कोणाला. एवढं होईपर्यंत घंटा होते. मुलांचा विषय निघतो तो बाहेर पडताना, दारात.

ज्या सूचना लिहून कळवता येतात त्या लिहूनच कळवा. बैठकीची सुरुवात मुलांच्या कामापासून करा, आणि काम म्हणजे मुलांनी लिहिलेलं प्रत्यक्ष पान. नुसता गुणतक्ता नको.

समजा, एकाच इयत्तेच्या तीन तुकड्यांना एकच घटक चाचणी दिली आणि त्यात १/२ + १/३ हे गणित होतं. सरासरी गुण काढले तर 'अ पुढे, क मागे' एवढंच कळतं आणि क तुकडीच्या शिक्षकांचा चेहरा उतरतो. त्याऐवजी त्या एकाच गणिताच्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरा. काही मुलांनी २/५ लिहिलेलं असतं: वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. काहींनी छेद ६ बरोबर आणलेला असतो, पण अंश तसेच ठेवून उत्तर २/६ केलेलं असतं. दोघांनाही शून्यच गुण, पण चूक एक नाही. पहिल्याला अपूर्णांक म्हणजे एकच संख्या, हे अजून उमगलेलं नाही. अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं, हा प्रश्न त्याला पडत नाही. दुसऱ्याला रीत अर्धवट आठवते. पहिल्याला कागदाच्या पट्ट्या हातात द्याव्या लागतील, दुसऱ्याला सममूल्य अपूर्णांकांची उजळणी पुरेल. आणि ज्या तुकडीत २/५ लिहिणारे अगदी थोडे, तिथल्या शिक्षकांना सगळ्यांनी विचारायचं: तुम्ही सुरुवात कशाने केली? चित्रांनी, की थेट लसावि काढायला शिकवलंत?

इतकं बारकाईने बोलणं झालं तर अर्ध्या तासात एकच गणित होतं. होऊ द्या. सगळ्या विषयांवरून वरवर हात फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड डुफोर यांनी शिक्षकगटांसाठी चार प्रश्न रूढ केले. मुलांनी नेमकं काय शिकायला हवं? ते शिकले हे कसं कळणार? नाही शिकले तर आपण काय करणार? आणि ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी काय करणार? आपल्या बैठका दुसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे गुणांशी, अडतात. तिसरा घाईत उरकला जातो आणि चौथा बहुतेकदा निघतच नाही. ज्या मुलीला सगळं येतं तिला 'तू गप्प बस, बाकीच्यांचं होऊ दे' एवढंच ऐकायला मिळतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाबद्दल शेरे मारले जातात, काय दिसलं ते सांगितलं जात नाही

'लक्ष नाही', 'घरून पाठबळ नाही', 'हुशार आहे पण आळशी'. अशा शेऱ्यांवर सगळ्यांच्या माना डोलतात आणि विषय तिथेच बंद होतो. कारण शेऱ्यावर करण्यासारखं काहीच नसतं.

एक साधा नियम लावून पाहा: पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. समजा, एक मुलगी फळ्यावरचं उतरवून घेताना चुका करते असं भूगोलाच्या मॅडम सांगतात. गणिताचे सर म्हणतात, आकडे चुकीचे उतरवते, पण तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देते. चित्रकलेच्या बाई म्हणतात, माझ्याकडे तर तिचं काम फार नीटनेटकं असतं. खेळाचे सर सांगतात, लांबून आलेला चेंडू तिला उशिरा कळतो. यातलं कुठलंही एकच वाक्य ऐकलं तर फार काही हाती लागत नाही. चारही एकत्र आली की पहिला विचार येतो तो डोळे तपासून घेण्याचा आणि तोवर तिला पुढच्या बाकावर बसवण्याचा. 'निष्काळजी' हा शेरा कदाचित वर्षभर तिच्या वहीवर पडत राहिला असता.

म्हणूनच खेळ, चित्रकला, ग्रंथालय, प्रयोगशाळा सांभाळणारे, समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांना 'त्यांचा विषय मुख्य नाही' म्हणून बैठकीबाहेर ठेवणं ही मोठी चूक आहे. मूल त्यांच्यासमोर अनेकदा जास्त मोकळं असतं.

'आपण सगळे लक्ष देऊ' यावर बैठक संपते

हे वाक्य इतिवृत्तात लिहिलं गेलं की समजावं, कोणीच काही करणार नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. शिक्षकही माणसंच आहेत.

निर्णय लिहिताना चार गोष्टी हव्यात: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि फरक पडला हे कशावरून ओळखायचं. 'वाचन सुधारणे' याऐवजी 'मंगळवार-गुरुवारी मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं वर्गशिक्षिका त्याच्याकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेतील, तीन आठवड्यांनी तेवढ्याच अवघड परिच्छेदावर किती शब्द अडतात ते पाहू' असं लिहा. पुढच्या बैठकीचा पहिला प्रश्न हाच: झालं का? नसेल झालं तर कशामुळे? हे विचारताना सूर चौकशीचा लागला तर पुढच्या वेळी कोणी जबाबदारी घेणार नाही.

मुलाच्या घरी कोण बोलणार हेही तिथेच ठरवा. तीन शिक्षकांनी तीन दिवसांत तीन वेगळ्या तक्रारी कळवल्या की पालक गोंधळतात, मग चिडतात. आणि मुलाच्या अडचणी नावानिशी सगळ्या स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो मुलाचा खाजगी विषय आहे.

एकमेकांचा तास पाहणं म्हणजे तपासणी होऊन बसते

मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला सहकारी पाहिला की शिकवणाऱ्याचा आवाजच बदलतो. जपानमधल्या शाळांत 'जुग्यो केनक्यू', म्हणजे पाठ-अभ्यास, ही जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचं नियोजन करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात आणि नंतर एकत्र चर्चा होते. निरीक्षण करणाऱ्यांची नजर मुख्यतः मुलांवर असते. पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला असल्यामुळे तो फसला तरी सगळ्यांचा फसतो. आपल्याकडे एवढं लगेच जमलं नाही तरी निरीक्षकाला एक ठरावीक प्रश्न देता येईल: गटात काम करताना कोण एक शब्दही बोलत नाही? सूचना दिल्यावर कोण शेजाऱ्याची वही पाहून सुरुवात करतं? बाईंनी फळा कसा पुसला, याची नोंद नको.

चूक बोलून दाखवायची सोयच नसते

या चुकीची मुळं सगळ्यात खोल गेलेली असतात. 'माझा हा पाठ मुलांना अजिबात कळला नाही' हे वाक्य तुमच्या स्टाफरूममध्ये शेवटचं कधी ऐकू आलं? एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या. औषधं देण्यातल्या चुकांची नोंद चांगल्या टीममध्ये जास्त निघाली. त्या टीमना चुका बोलून दाखवायची भीती वाटत नव्हती, हे त्याचं कारण असावं असं तिला दिसलं.

इथे सुरुवात मुख्याध्यापकांनी किंवा सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांनी करायला हवी. नव्याने रुजू झालेल्याकडून ती अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. आणि बैठकीत मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट गोपनीय अहवालात उतरली, तर ती टीम त्या दिवशीच संपली असं समजा.

वेळ न देताच एकत्र काम करण्याचा आदेश निघतो

अँडी हार्ग्रीव्ह्ज या अभ्यासकाने वरून लादलेल्या एकत्र कामाचा प्रकार नेमका टिपला आहे: वेळ ठरलेली, विषय ठरलेला, हजेरी सक्तीची आणि जिवंतपणा शून्य. सह्या होतात, फोटो निघतात, मुलांपर्यंत काही जात नाही. एका इयत्तेच्या शिक्षकांचे ऑफ तास आठवड्यातून एकदा तरी एकाच वेळी येतील असं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच बसवा, आणि त्या तासाला कोणाला बदली तासावर पाठवू नका. कशावर बोलायचं हे मात्र शिक्षकांनाच ठरवू द्या.

तरीही गाडी अडली तर

एक जण अजिबात सामील होत नसेल तर त्याच्यावर बैठकीत दबाव आणू नका. त्याला जे उत्तम येतं त्याबद्दल मदत मागा. पुष्कळदा वर्षानुवर्षं कोणी विचारलेलंच नसतं. मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसेल तर दोघांनी सुरू करा: एकच तुकडी, एकच अडचण, महिनाभर. सगळेच विषय एकाच आठवड्यात प्रकल्प देत असतील तर स्टाफरूमच्या भिंतीवर एक सामायिक कॅलेंडर लावून प्रत्येकाने गृहपाठ त्यावर आधी लिहायचा. मतभेद टोकाला गेले तर पुन्हा मुलाच्या वहीकडे वळा, वाद बहुधा तिथे निवळतो.

आणि वर्षाच्या मध्ये एखाद्या शिक्षकाची बदली झाली तर हजेरीपट आणि गुणपत्रकांबरोबर प्रत्येक मुलामागे दोन ओळीही सोपवा: काय करून पाहिलं, कशाचा उपयोग झाला. नव्या शिक्षकाने त्यावर विचारायला फोन केला तर उचला.