नागपूरच्या उन्हात बाश्कीर कोरोत कसे वाळवावे

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या गच्च्यांवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळत असतात. त्याच उन्हात दक्षिण उरल पर्वताच्या परिसरात राहणाऱ्या बाश्कीर लोकांचे कोरोत, म्हणजे आंबट चक्क्याचे खारवून वाळवलेले कडक गोळे, उत्तम तयार होतात. हे लोक पूर्वी उन्हाळ्यात घोडे, मेंढ्या आणि गाई घेऊन कुरणांवर मुक्कामाला जात. तेथे दूध मुबलक असे, पण पुढचा लांब, बर्फाळ हिवाळा साठवणीवर काढावा लागे. कोरोत ही त्या साठवणीतली मुख्य वस्तू होती, आणि रशियातील बाश्कोर्तोस्तानात, त्याची राजधानी असलेल्या उफा शहरातही, ते आजही आवडीने खाल्ले जाते.

बाश्कीर घरात कुमिसला, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाला, मोठा मान आहे. परंतु घोडीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा साखर अधिक असते आणि त्याचे आंबणे त्यावरच अवलंबून असते, त्यामुळे गाईच्या दुधाचा कुमिस करण्याच्या खटाटोपात पडू नये असे मला वाटते. बुर्झ्यान भागातील जंगलात जिवंत झाडाच्या खोडात कोरलेल्या ढोलीतून मिळणारा मधही येथे बसून मिळवता येणार नाही. कोरोत मात्र आपल्या स्वयंपाकघरात खऱ्या अर्थाने उतरते.

दोन लिटर गाईचे दूध तापवून, पूर्ण थंड करून, वरची साय काढून घ्यावी. ही पायरी गाळू नये, कारण दुधात स्निग्धांश राहिला तर वाळलेले कोरोत काही आठवड्यांत खवट होते. दूध कोमट करून विरजण लावावे आणि दही लागल्यावर ते लगेच न वापरता चांगले आंबट होऊ द्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात आदल्या रात्री विरजलेले दही दुसऱ्या दुपारपर्यंत पुरेसे आंबते.

हे दही जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून लाकडी कलथ्याने सतत ढवळत राहावे. थोड्या वेळाने ते फुटते, रवाळ गोळा आणि हिरवट-पिवळे पाणी वेगळे होते. ही फूट पाहून घाबरू नये, आपल्याला तीच हवी आहे. आणखी दहा-पंधरा मिनिटे उकळून मिश्रण धुतलेल्या सुती पंचात ओतावे, पुरचुंडी बांधून रात्रभर टांगावी आणि सकाळी वर वजन ठेवून उरलेले पाणी काढावे. चक्का हाताला कोरडा लागला की त्यात दोन चहाचे चमचे मीठ मिसळून तो परातीत मऊ होईपर्यंत मळावा. असा ताजा, मऊ कोरोत बाश्कीर लोक पावावर लावून खातात, म्हणून थोडा बाजूला काढून ठेवण्यास हरकत नाही.

उरलेल्या चक्क्याचे लिंबाएवढे गोळे वळून किंचित चपटे करावेत. जाड गोळा आतून ओला राहतो आणि त्याला बुरशी धरते. पहिल्या वर्षी मी गोळे थेट दुपारच्या उन्हात ठेवले होते. वरची कड ताबडतोब कडक झाली, आतला ओलावा कोंडला आणि तिसऱ्या दिवशी सगळे भेगाळले. तेव्हापासून पहिला दिवस सावलीत, पंख्याखाली आणि दुसऱ्या दिवसापासून ऊन, हा क्रम मी पाळते. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे चार-पाच दिवसांत गोळा दगडासारखा वाजू लागतो. वर पातळ मलमल घालावी, दिवसातून दोनदा गोळे उलटावेत आणि संध्याकाळी घरात आणावेत; अवकाळी पावसाची एक सर सगळे वाया घालवते. उरल भागात काही घरांत ते चुलीवर धुरावूनही ठेवतात, पण आपल्या उन्हाला त्याची गरज नाही. पूर्ण वाळलेले कोरोत कोरड्या बरणीत भरावे आणि मृग लागण्यापूर्वी ही बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. बुरशीचा ठिपका दिसला तर तो खरवडून वापरू नये, गोळाच टाकावा.

वापरण्यापूर्वी गोळा कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून घ्यावा. बाश्कीर घरात तो गरम रश्श्यात विरघळवतात; विशेषतः बिशबर्माक किंवा कुल्लामा, म्हणजे उकडलेले मांस आणि कणकेचे सपाट तुकडे, यांच्यासोबत असा आंबट रस्सा देतात. मांसाहारी घरात मटणाच्या साध्या, न फोडणी दिलेल्या रश्श्यात वरणफळासारखे शंकरपाळी आकाराचे तुकडे शिजवून हाच पदार्थ करता येतो, आणि शाकाहारी घरात बटाटा-कांद्याचा रस्साही चालतो. रश्श्यात मीठ घालू नये, कारण कोरोताचा खारटपणा पुरतो. पंगतीतला पहिला वाडगा बाश्कीर रीतीप्रमाणे घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपुढे किंवा आलेल्या पाहुण्यापुढे ठेवावा.