गुरुत्वीय लहरी टिपणारं उपकरण उभारताना या चुका टाळा

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने पहिली गुरुत्वीय लहर (अवकाशाला किंचित ताणत-आकसत जाणारा तरंग) टिपली. तिथे लांब भुजांच्या टोकांच्या आरशांमधून लेसर खेळवून भुजांच्या लांबीतला फरक मोजतात. त्या दिवशी ४ किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. इतकं बारीक मोजायचं असताना आधी यंत्र उभं करून मग नॉइज, म्हणजे सिग्नल झाकणारा नको असलेला गोंगाट, शोधत बसणं, ही सर्वांत महाग पडणारी चूक. लायगोच्या जनकांपैकी एक असलेल्या रायनर वाइस यांनी १९७२ मध्ये, यंत्र कागदावर असतानाच, जमिनीची थरथर, उष्णता, लेसरचे चढउतार अशा एकेका नॉइजचा हिशोब मांडला होता. तुमचं यंत्र टेबलावर मावणारं असलं तरी हा हिशोब आधी करा.

कंप फक्त जमिनीतूनच येतो, असं धरून चालू नका. लायगोचे ४० किलोंचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले आहेत. जमिनीचा हादरा तिथवर पोचेपर्यंत विरून जातो. तरीही २०१७ मध्ये लायगोच्या दोन केंद्रांपैकी हॅनफर्डच्या नोंदींत अनोळखी टकटक उमटू लागली. बाहेर जाऊन पाहिलं, तर थंड नायट्रोजनच्या नळीवर बर्फ साचलेला आणि त्यावर चोचींच्या खुणा! डोमकावळे बर्फ टोचत होते. तो कंप नळीतून निर्वात कक्षाच्या भिंतीत शिरला आणि भिंतीवरून परतणाऱ्या भरकटलेल्या प्रकाशाने तो मापनात आणला. म्हणजे आरसा कितीही उत्तम टांगला, तरी असा प्रकाश अडवायची सोय हवीच. संशय आला की एकेका भागावर हलकेच टकटक करून पाहा. तसाच नॉइज उमटला, की जागा सापडली.

सिग्नल दिसेना म्हणून लेसरची ताकद वाढवत नेऊ नका. फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) मोजणीतला नॉइज घटतो खरा, पण प्रकाशाचा दाब आरसे हलवू लागतो आणि कमी वारंवारतेचं मापन बिघडतं.

घड्याळं तर पुन्हा पुन्हा तपासा. गुरुत्वीय लहरींचा शोध सुरू करणाऱ्या जोसेफ वेबर यांनी एकमेकांपासून दूर असलेल्या दोन शोधयंत्रांच्या नोंदी जुळल्याचं सांगितलं होतं. एक नोंद जागतिक वेळेत होती, दुसरी स्थानिक. फरक चार तासांचा! हे क्षेत्र ज्यांनी सुरू केलं, त्यांच्याच बाबतीत हे घडावं याचं फार वाईट वाटतं.

आणि नॉइज दिसला म्हणून अख्खी नोंद फेकू नका. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे (अतिशय घन असे मृत ताऱ्यांचे गाभे) एकमेकांत मिसळल्याच्या सिग्नलमध्ये, त्या मिसळण्याच्या क्षणाच्या सुमारे एक सेकंद आधी, लायगोच्या दुसऱ्या, लिव्हिंग्स्टन केंद्राच्या नोंदीत मोठा खडखडाट झाला, आणि स्वयंचलित प्रणालीने ती बाजूला टाकली. माणसांनी आलेख उघडला, तेव्हा खडखडाटाच्या उभ्या पट्ट्यामागून वर चढत जाणारी ताऱ्यांची वक्ररेषा स्वच्छ दिसत होती.