जुनी जपानी तलवार मिळाली? मुठीतला गंज घासू नका

माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली, गंज चढलेली कताना स्वस्तात हाती लागली की पहिला मोह होतो पॉलिश पेपर काढायचा. हात आवरा! आधी मुठीतली बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, हलकेच ठोकून काढा आणि मूठ उतरवा. आत पात्याचा जो भाग दिसेल, तो नाकागो. त्यावरचा काळपट-तपकिरी गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखलाच. त्याच्या रंग-पोतावरून जाणकार वयाचा अंदाज बांधतात. कारागिराने सही कोरली असेल, तर तीही इथेच. (हा भाग चकाचक करून तलवार विकायला काढणारे महाभाग असतात. किंमत तिथेच कोसळते.)

मग पातं उजेडात तिरकं धरून बघा. वरवरचा गंज तोगिशी, म्हणजे तलवारींना पॉलिश करणारा तज्ज्ञ, काढू शकतो. पण दर पॉलिशला थोडं पोलाद झिजतंच आणि काम महागडं असतं. धारेपासून आत आडवी गेलेली केसाएवढी भेग दिसली, तर मी तरी ती तलवार परत ठेवून देईन. ही भेग, हागिरे, दुरुस्त होत नाही.

पात्याला बोटं लावू नका, घामाने नवा गंज धरतो.